हॉजसनच्या घळीतला डबा

१

गूढबिढ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुण्याला माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढलेली बाई मी. मातीत काय आहे ते आकड्यांत लिहायचं, खाली सही करायची, पुढची पिशवी उघडायची. तेव्हा जे झालं ते, झालं त्या क्रमाने सांगते. अर्थ तुम्ही लावा. मी लावून लावून दमले.

२०१६ साली आम्ही शहरातलं, पापाटोएटोचं घर विकलं आणि गावाबाहेर, क्लीव्हडनच्या पलीकडे दोन एकरांवर राहायला आलो. त्याआधी सहाच महिने रमणच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टर म्हणाले, रोज चाला आणि चिडू नका. चालायला जागा घेतली. चिडवायला मी होतेच. रमण आणि मी कॉलेजात एका वर्गातले, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही आणि भांडण कधी सुटलं नाही. विषय दोनच. एक, हा माणूस जेवलेला डबा कधी धुवायचा नाही, विसळायचासुद्धा नाही. आणि दुसरा मिरचीचा. पोह्यांतली, खिचडीतली हिरवी मिरची शोधून शोधून काढायची आणि डब्याच्या कडेला ओळीने लावून ठेवायची. मी मुद्दाम बारीक चिरायचे, तरी काढायचा. चौतीस वर्षं हे चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मजेत चाललं होतं.

महिन्याभरात ग्रॅहम दारात उभा राहिला. सत्तरीचा, गाईंचा व्याप मुलावर सोपवून मोकळा झालेला शेतकरी. त्या भागाच्या, तण काढणाऱ्या वीड कमिटीचा तो अध्यक्ष होता, म्हणजे सगळं काम तोच करायचा. "शनिवारी सकाळी काय करता?" त्याने विचारलं आणि एका तणाचा फोटो पुढे केला. उंच हिरवी पानं, वर पिवळ्या फुलांचा तुरा.

मी हसलेच. "अरे रमण, हा तर सोनटक्का!"

पिवळा होता, पण जात तीच. माझी आई श्रावणात पांढरा सोनटक्का वेणीत माळायची. इथे त्याला जिंजर म्हणतात आणि तो गुन्हेगार आहे. त्याचे कंद जमिनीवर अशी काही जाड सतरंजी अंथरतात की खाली दुसरं काहीच उगवत नाही. रानच्या रान गिळतो. कमिटीला हॉजसनची घळ साफ करायची होती. आम्ही दोघं हो म्हणालो. मला तर दिवाळी आल्यासारखं झालं होतं. माती, फावडं, आणि हाताशी भांडायला माणूस.

२

आम्ही पाच जण होतो. ग्रॅहम, शाळेची बस चालवणारी मेरे, कोल्हापूरहून शिकायला येऊन इथेच फार्मसिस्ट झालेली सलोनी, मी आणि रमण. एक शनिवार सोडून एक, सकाळी नऊ ते बारा. झाडांचा रोग रानात जाऊ नये म्हणून कुंपणाशी बूट घासून त्यांवर औषध मारायचं, कौन्सिलने दिलेली नारिंगी जाकिटं चढवायची आणि उतारावर पाच-पाच मीटरवर ओळ धरायची. सगळ्यांत वर ग्रॅहम, सगळ्यांत खाली, ओढ्याच्या अंगाला, रमण. ती जागा त्याने हट्टाने मागून घेतली होती. जन्मभर शहराचं पाणी पाइपांतून फिरवलं, आता मोकळं ऐकू दे, म्हणाला.

खोड बुडाशी कापायचं, कापलेल्या जागी तणनाशकाची निळी जेल लावायची, तुरे पिशवीत भरायचे. एक बेट संपलं की शेजारच्या झाडाला गुलाबी रिबन बांधायची, तिच्यावर तारीख आणि आपला नंबर. गुलाबी रिबन म्हणजे इथलं काम झालं, कोणी परत बघायला नको.

जिंजर डोक्याच्या वर जातो. पाच मीटरवरचा माणूस दिसत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी ग्रॅहमने वरून आकडा द्यायचा आणि खाली ओळीने एकेकाने. मेरेने आधी तिच्या भाषेतले आकडे सगळ्यांना शिकवले. मग म्हणाली, आता तुमचे द्या. रमणने मराठी आकडे शिकवले, पाचापर्यंतच. पुढचे लागणार कशाला? ग्रॅहमचा "एक" खोकल्यासारखा यायचा, मेरेचा "दोन" गाण्यासारखा. सलोनी "तीन", मी "चार", आणि मग खालून, जरा रेंगाळत, रमणचा "पाच".

तो ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा. दोन स्टेंटवाला माणूस त्या उतारावर, आणि मला तो दिसत नाही. माझी सगळी काळजी त्या एका शब्दावर टांगलेली असायची. बाकी त्या सकाळी इतक्या छान जायच्या की मी घरी येताना गाडीत गुणगुणायचे आणि रमण कानांत बोटं घालायचा.

ऑगस्टातल्या एका शनिवारी एक, दोन, तीन, चार झालं, "पाच" आला, आणि मागोमाग आणखी खालून, हळू, ओल्या घशाने कोणीतरी म्हणालं, "सहा."

"रमण, चेष्टा पुरे!" मी ओरडले.

"मला वाटलं तूच!" तो खालून म्हणाला.

सलोनी माझ्या वरच्या बाजूला होती, म्हणजे ती नव्हे. आणि सहाला सहा म्हणतात हे ग्रॅहमला आणि मेरेला कोण शिकवणार?

३

चहाला आम्ही एका सपाट दगडावर बसायचो. मी पाच थालीपिठं न्यायचे आणि वर एक, कोणी आलंगेलं तर. त्या दिवशी ते सहावं थालीपीठ डब्यातच राहिलं आणि डबा दगडावर. घरी आल्यावर लक्षात आलं. जीव हळहळला, कारण तो माझ्या लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव कोरलेलं. पण रमणला परत चढउतार करायला लावणार कोण?

दोन आठवड्यांनी डबा तिथेच होता. धुतलेला, कोरडा केलेला. आत नेचाचं एक पान नीट घडी घालून बसवलेलं आणि त्यावर पिवळ्या सोनटक्क्याचं एक टवटवीत फूल.

"वा!" मी म्हटलं. "कोण हो एवढं संस्कारी?"

कोणीच कबूल होईना. मेरेने डबा हातातसुद्धा घेतला नाही. "ऑगस्ट-सप्टेंबरात जिंजर फुलत नाही, मृणा," एवढंच म्हणाली आणि कप धुवायला गेली.

ते मलाही कळत होतं, इथे तेव्हा थंडी असते. पण मी मनात म्हटलं, एखादं चुकार झाड असेल, ओढ्यापलीकडे उबेला. पलीकडच्या शेतातला कोणी माणूस असेल, त्याने खाल्लं, बिचाऱ्याने धुवून ठेवलं. आणि आमच्याकडे एक रीत आहे. शेजारून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. आईने हात धरून शिकवलेलं. मी पुढच्या खेपेला डब्यात चिवडा भरला आणि दगडावर ठेवून आले.

रमण म्हणाला, "शेजार चांगला दिसतोय."

"शेजार चांगला आपण ठेवायचा असतो," मी म्हटलं. मला मनापासून बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांत या देशात डब्याची अशी देवाणघेवाण कोणाशी जमली नव्हती.

४

चिवड्याच्या बदल्यात रमणच्या चष्म्याचं घर आलं. मे महिन्यात ते ओढ्यात पडून वाहून गेलं होतं. आतलं कापडसुद्धा कोरडं.

"सापडलं असेल कोणाला," रमण म्हणाला. मीही तेच म्हणाले. मग मी बेसनाचे लाडू ठेवले.

त्या सगळ्या खेपांना "सहा" येत होता. दर वेळी नाही, तीन-चारदा. आम्हाला त्याची सवय झाली, हे सांगताना मला माझाच राग येतो. ग्रॅहम म्हणायचा घळीत प्रतिध्वनी असतो. प्रतिध्वनी पुढचा आकडा कसा म्हणेल, हे मी त्याला विचारलं नाही. इतकं सगळं चांगलं चाललेलं असताना कोण मोडता घालणार? रमणचा रंग सुधारला होता. तो खाली काम करताना बोलायचासुद्धा, मला पुटपुट ऐकू यायची.

"कोणाशी बोलतोस रे?"

"कोणाशी म्हणजे? तुझ्याशी."

"मी वर आहे."

खाली कापणं पुन्हा सुरू झालं.

लाडवांच्या बदल्यात रिबनी आल्या. अकरा गुलाबी रिबनी, सोडवलेल्या, एकेकीची गुंडाळी करून ओळीत रचलेल्या. सगळ्यांवर रमणच्या अक्षरात तारीख आणि पाच. आम्ही खाली जाऊन पाहिलं. कापलेली अकराही बेटं कमरेइतकी वर आलेली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. सहा महिन्यांचं काम! ही चेष्टा होती आणि चेष्टा करणारा माझे लाडू खाऊन माजला होता. रमण म्हणाला, "असू दे गं. पुढच्या खेपेला शंकरपाळी ठेव, गोडीत घेऊ."

"डोंबलाची शंकरपाळी! रिकामा ठेवते. बघू आता काय करतो."

आणि मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याकडून आलेला डबा रिकामा परत ठेवला. झाकण लावताना हात एकदा थांबला होता. तरी लावलं.

५

पुढच्या खेपेला दगडावर डबा नव्हता. "चला, कटकट गेली," मी म्हटलं आणि ओळीत उभी राहिले.

साडेदहाला ग्रॅहमने आकडा दिला. एक. दोन. तीन. चार.

पुढे काही नाही.

"रमण?" मी म्हटलं. मग ओरडले. ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. माझ्या हातातली जेलची बाटली कधी पडली ते मला आठवत नाही. देवा, एवढा एक शब्द ऐकू दे, असं मी मोठ्याने म्हणत होते, आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

"सहा."

जरा थांबून पुन्हा. "सहा." कोणी आंधळ्याला वाट दाखवावी तसं, एकाच जागेवरून, धीराने.

आम्ही त्या आवाजावर उतरलो. मी पुढे होते. जिंजरच्या पानांच्या फटीतून मला खाली, ओढ्याच्या कडेने, एक नारिंगी पाठ लांब जाताना दिसली. हातात स्टीलचं काहीतरी चकाकलं. पाठ जरा पोक काढून चालत होती.

"ग्रॅहम, त्या बाजूला नको जाऊस!" मी ओरडले.

"मी इथे आहे," ग्रॅहम माझ्या मागून म्हणाला. सलोनी आणि मेरेही मागेच होत्या.

मला त्याचा विचार करायला वेळ नव्हता, कारण रमण समोर पडला होता. कुशीवर, डोक्याखाली पानांची उशी, डोळे मिटलेले. शर्ट ओलाचिंब. सलोनीने नाडी पाहिली आणि रडतरडत हसली. "काकू, लागतेय! मस्त लागतेय!"

मी त्याला इतकं घट्ट धरलं की हेलिकॉप्टरवाल्यांना माझी बोटं सोडवावी लागली.

६

हॉस्पिटलात चार दिवस ठेवलं आणि काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय तर फारच छान चाललंय, या वयात असं बघायला मिळत नाही. वेलिंग्टनहून ओवी आली, आमची मुलगी. "डॅड लुक्स मच बेटर," म्हणाली आणि निर्धास्त परत गेली.

खरंच बरा होता तो. शांत होता. माझं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकायचा, जे चौतीस वर्षांत घडलं नव्हतं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिचडी दिली. बारीक चिरलेल्या मिरच्यांसकट ताटली चाटूनपुसून संपवली, आणि उठून ताटली धुतली. पुसून जागेवर ठेवली.

"सूर्य कुठे उगवलाय?" मी म्हटलं.

तो हसला. मला फार सुख वाटलं, लपवत नाही. मरणाच्या दारातून आलेला माणूस बदलतो, असं सगळेच म्हणतात. मीही सलोनीला तेच सांगितलं.

तीन आठवड्यांनी मी रमणला घरी ठेवून घळीत गेले. त्याने मला दुसरा डबा भरून दिला होता. खाली चौघांचीच ओळ लागली. एक. दोन. तीन. मी "चार" म्हटलं, आणि खालून, जरा रेंगाळत, आलं:

"पाच."

माझा जीव भांड्यात पडला. सवयीने पडला, हो. मग लक्षात आलं, रमण घरी आहे.

"काकू," सलोनीने हाक मारली. "काका आलेत का?"

वरून ग्रॅहम मोठ्याने हसला. "रमण, घरी जा रे हट्टी माणसा! यू गेव्ह अस अ फ्राइट!"

मी धापा टाकत कुंपणापर्यंत चढले. तिथेच मोबाइलला रेंज येते. घरी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"रमण, कुठे आहेस?"

"अगं, भांडी घासतोय. का गं?"

मागे नळाचं पाणी वाहत होतं. "काही नाही," म्हणून मी फोन ठेवला. दगडावर येऊन बसले, डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी होती आणि तिच्याखाली नेचाचं एक पान, नीट घडी घालून बसवलेलं.

मग मला ते आठवलं, जे मी आठवायचं टाळत होते. पानांच्या उशीवर पडलेल्या माणसाच्या अंगात नारिंगी जाकीट नव्हतं. ओला शर्टच होता फक्त.

मी खिचडी खाल्ली नाही. डबा तसाच भरलेला दगडावर ठेवला आणि घरी आले. "सहा" त्या दिवशी आला नाही. नंतरही कधी आला नाही.

७

प्रयोगशाळेत आम्ही एका नमुन्यावर विश्वास ठेवायचो नाही, दुसरा घ्यायचो. दोन आठवड्यांनी मी दुसरा नमुना घ्यायला गेले.

डबा दगडावर होता. धुतलेला नव्हता. विसळलेलासुद्धा नाही. साबुदाणे बुडाला वाळून चिकटलेले, चमचा तसाच आत टाकलेला, आणि कडेला, ओळीने, हिरव्या मिरचीचे अठरा तुकडे.

मी तो डबा छातीशी धरून रडले. मग ठणकावून म्हटलं, "विसळायला काय होतं रे?" खाली पाण्याचा आवाज चालू होता.

तो सीझनचा शेवटचा शनिवार होता. ओढ्याकाठी जिंजरचं एकच मोठं बेट उरलं होतं, आमच्या स्वैपाकघराएवढं. ग्रॅहम वरून म्हणाला, "चार, ते तुझं. तेवढं झालं की घळ क्लिअर. बिअर माझ्याकडून!"

मी करवत घेऊन त्या बेटासमोर उभी राहिले. आत काही हललं नाही. वाऱ्याने पानं वाजली असतील तेवढीच. हात घालून पानं बाजूला केली असती तर कळलं असतं. हाक मारली असती तर तो आलाही असता, कोणास ठाऊक. पण तो आला तर बदल्यात घरच्याला आणावं लागेल, इथे, याच दगडावर. डबा रिकामा परत घेत नाहीत घळीतले; हे मी एकदा कळून चुकले होते. आणि घरच्याने सकाळी मला आलं घालून चहा दिला होता, माझा गुडघा चोळून दिला होता. सांगायला लाज वाटते. मला दोघंही हवे होते.

मी एकही खोड कापलं नाही. शेजारच्या झाडाला गुलाबी रिबन बांधली, तारीख घातली, खाली चार लिहिलं. अकरा वर्षं सह्या केल्या मी, खोटी ही एकच.

"चार, क्लिअर?"

"क्लिअर!" मी ओरडले.

"स्वीट अ‍ॅज!" ग्रॅहम म्हणाला, म्हणजे झकास. जाताना मेरेने माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आले तर तो मागच्या अंगणात वाफे करत होता. ऊन छान पडलं होतं. मी चहा टाकला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, ताठ, पोक काढून चालणाऱ्या रमणला कधीच नव्हती इतकी ताठ. विचारायचं असं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, घळीत निघतं तसं, मोठ्याने.

"चार!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. खुरपं चालू ठेवून, सहज, ओल्या घशाने म्हणाला, "सहा."

मग थांबला. सावकाश वळला आणि माझ्याकडे पाहून हसला, जरा ओशाळून, नव्या सुनेची चूक व्हावी तसा. मीही हसले. चहा उतू जायला आला होता, मी गॅस बारीक केला आणि दोन कप काढले.

आता काम संपलं तरी मी एक शनिवार सोडून एक घळीत जाते. उगवतंय का बघायला, असं ग्रॅहमला सांगितलंय. डबा मीच भरते. मिरची आताशा बारीक चिरत नाही. चांगले मोठे तुकडे घालते, काढायला सोपे पडावेत म्हणून.